"ऑपरेशन फुकट झालं" म्हणजे नक्की काय? सरकारी आरोग्य योजनेचे पैसे गावच्या हॉस्पिटलपर्यंत कसे पोहोचतात, समजून घ्या



"आबांचं ऑपरेशन योजनेत फुकट झालं," हे वाक्य आता गावोगावी ऐकू येतं. पण फुकट झालं ते फक्त आबांसाठी. सर्जनची फी, भूल देणारे डॉक्टर, औषधं, ऑक्सिजन, नर्सचा पगार, लाइट बिल हे सगळं कुणीतरी भरतंच. मग ते कोण भरतं? किती भरतं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कधी भरतं?

आयुष्मान कार्ड कसं काढायचं यावर भरपूर माहिती मिळते. त्या कार्डाच्या पलीकडे, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरवर आणि बँक खात्यात काय चालतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. आजच्या लेखात आपण तेच बघणार आहोत. तुमच्या जवळचं हॉस्पिटल योजनेत राहणार की बाहेर पडणार, हे बऱ्याचदा याच हिशोबावर ठरतं.

उदाहरणासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातलं, नेवासा तालुक्यातलं घोडेगाव घेऊ. नगर–संभाजीनगर हायवेवरचं, शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारासाठी आणि कांद्याच्या लिलावासाठी ओळखलं जाणारं हे गाव. समजा, इथे एका डॉक्टर दांपत्याचं १५ खाटांचं छोटं हॉस्पिटल आहे आणि ते योजनेत आहे. हे हॉस्पिटल आणि त्याचे आकडे आपण हिशोबासाठी कल्पनेनं घेतले आहेत. नियम आणि योजनेचे आकडे मात्र खरे आहेत.

आधी योजना कोणती, ते बघू

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर गेली. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झालं. दरम्यान केंद्राची आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ ला आली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या.

सुरुवातीला फुले योजनेत एका कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचं संरक्षण होतं. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ते ५ लाखांवर नेलं, उपचारांची संख्या १,३५६ केली आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही आत घेतलं. याची अंमलबजावणी १ जुलै २०२४ पासून सुरू झाली.

राज्यात हा सगळा कारभार राज्य आरोग्य हमी सोसायटी बघते. योजनेत सामील हॉस्पिटलला सरकारी भाषेत 'अंगीकृत रुग्णालय' म्हणतात. केंद्राच्या निकषात त्यासाठी किमान १० खाटा लागतात.

पैसा निघतो कुठून?

पैसे देण्याच्या तीन पद्धती आहेत.

१. विमा पद्धत: सरकार विमा कंपनीला दर कुटुंबामागे वर्षाचा हप्ता भरतं आणि क्लेमचे पैसे कंपनी देते. २०१२ मध्ये हा हप्ता कुटुंबामागे ३३३ रुपये होता.

२. हमी पद्धत: मध्ये कंपनी नाही. सरकारी सोसायटी आपल्या निधीतून हॉस्पिटलला थेट पैसे देते.

३. मिश्र पद्धत: ठराविक रकमेपर्यंत विमा कंपनी, त्यापुढे सोसायटी. २०२० मध्ये महाराष्ट्रानं हेच केलं. दीड लाखापर्यंत विमा कंपनी (हप्ता कुटुंबामागे ७९७ रुपये) आणि आयुष्मान भारतच्या कुटुंबांसाठी त्यापुढे ५ लाखांपर्यंत सोसायटी.

रुग्णाला यातला फरक कळतही नाही. हॉस्पिटलला मात्र चांगलाच कळतो, कारण उशीर झाला तर दार कुणाचं वाजवायचं ते यावर ठरतं. आयुष्मान भारतच्या खर्चात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. यातला एक हप्ता जरी लांबला, तरी त्याची झळ शेवटी खालच्या हॉस्पिटलला बसते.

पॅकेज: एकच रक्कम, सगळं त्यात

हॉस्पिटल इथे नेहमीसारखं बिल लावू शकत नाही. प्रत्येक उपचाराचा दर आधीच ठरलेला असतो. त्यालाच पॅकेज म्हणतात. खाट, तपासण्या, औषधं, सर्जन, भूलतज्ज्ञ, जेवण, परतीच्या प्रवासाचा खर्च, सगळं त्या एका रकमेत. फुले योजनेत डिस्चार्जनंतरच्या १० दिवसांची तपासणी आणि औषधंही त्यातच येतात.

आता आपल्या १५ खाटांच्या हॉस्पिटलचं बघा. सर्जन नगरहून येतो. भूलतज्ज्ञही बाहेरून येतो. त्या दोघांचे पैसे बहुतेक वेळा त्याच दिवशी द्यावे लागतात. मेडिकलवाला महिनाभर थांबेल, नर्सचा पगार एक तारखेला. म्हणजे खर्च आज झाला, पॅकेजची रक्कम मात्र पुढे कधीतरी येणार.

क्लेमचा प्रवास: सहा टप्पे

१. ओळख पटवणे: हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसलेला असतो. तो तुमचं आयुष्मान कार्ड किंवा रेशनकार्ड आणि फोटो ओळखपत्र तपासतो. आधारवरून ई-केवायसी होते, म्हणजे अंगठा, ओटीपी किंवा चेहरा वापरून माणूस तोच आहे ना हे बघितलं जातं.

२. पूर्वमंजुरी: हॉस्पिटलचे लोक याला 'प्रीऑथ' म्हणतात. आजाराचं निदान, रिपोर्ट, एक्स-रे आणि रुग्णाचा फोटो ऑनलाइन अपलोड करायचा. पलीकडे बसलेले डॉक्टर ते तपासून मंजुरी देतात. जीव धोक्यात असेल तर फोनवरून कळवून उपचार सुरू करता येतात, कागद नंतर.

३. उपचार: या काळातल्या नोंदी, ऑपरेशनची टिपणं, फोटो, बसवलेल्या स्टेंटचा किंवा प्लेटचा स्टिकर, सगळं जपून ठेवायचं.

४. डिस्चार्ज: डिस्चार्ज कार्ड आणि रुग्णाच्या सह्या. एकही रुपया घेतला नाही, याची खातरजमा इथेच होते.

५. क्लेम दाखल: पूर्ण फाइल अपलोड. तपासणाऱ्याला काही कमी वाटलं तर 'क्वेरी' येते. हॉस्पिटल उत्तर देतं. मग क्लेम पूर्ण मंजूर होतो, कापून मंजूर होतो किंवा नामंजूर होतो.

६. पैसे: मंजूर रक्कम थेट हॉस्पिटलच्या बँक खात्यात. त्यातून आधी टीडीएस कापला जातो, साधारण १० टक्के.

नियम काय सांगतो? आयुष्मान भारतच्या नियमावलीनुसार राज्यातल्या राज्यात झालेल्या उपचाराचा क्लेम १५ दिवसांत आणि दुसऱ्या राज्यातल्या रुग्णाचा ३० दिवसांत निकाली काढायचा असतो. पाथर्डी-शेवगावकडचं ऊसतोड कुटुंब कर्नाटकात आजारी पडलं आणि त्यांचं नाव आयुष्मान भारतच्या यादीत असेल, तर तिथल्या हॉस्पिटलचा क्लेम या दुसऱ्या गटात मोडतो.

कांद्याची पट्टी आणि क्लेमची पट्टी

घोडेगावात कांदा विकलेल्या माणसाला पट्टी काय असते ते सांगायला नको. भाव काय निघाला, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती पडले, सगळं एका कागदावर. हॉस्पिटलच्या क्लेमचीही अशीच एक पट्टी असते. ती मांडून बघू.

समजा आपल्या हॉस्पिटलात योजनेतले महिन्याला २० रुग्ण येतात आणि एका पॅकेजची सरासरी रक्कम १५,००० रुपये आहे. महिन्याचा क्लेम झाला ३ लाख.

पैसे १५ दिवसांत आले, तर कोणत्याही वेळी साधारण दीड लाख रुपये बाहेर अडकलेले असतात. हे कुठलंही हॉस्पिटल सांभाळून नेईल.

पैसे चार महिन्यांनी आले, तर १२ लाख अडकतात. तेवढ्यासाठी बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी ओव्हरड्राफ्ट घेतला, तर महिन्याचं व्याजच १२,००० रुपये. म्हणजे ३ लाखांच्या क्लेममधले ४ टक्के फक्त वाट बघण्यात गेले.

टीडीएसचे महिन्याला ३०,००० रुपये वेगळेच. ते बुडत नाहीत, रिटर्न भरल्यावर वळते होतात किंवा परत मिळतात. पण तोपर्यंत ते हातात नसतात.

आणि २० पैकी एक क्लेम जरी नामंजूर झाला, तर १५,००० रुपये गेले ते कायमचे. नीट बघा, चार महिन्यांच्या उशिराच्या व्याजापेक्षा ही रक्कम जास्त आहे. औषधं वापरून झाली, सर्जनला पैसे देऊन झाले, रुग्ण बरा होऊन घरी गेला. फक्त फाइल हरली.

मोठ्या हॉस्पिटलमध्ये क्लेमचं काम बघायला वेगळा विभाग असतो. छोट्या हॉस्पिटलमध्ये हेच काम रिसेप्शनवरचा मुलगा किंवा रात्री ओपीडी संपल्यावर स्वतः डॉक्टर करतात. त्यामुळे त्याच नियमाचा भार दोघांवर सारखा पडत नाही.

उशिराचा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणात थकबाकीच्या कारणावरून खासगी हॉस्पिटलांनी, आयएमएच्या पुढाकारानं, आयुष्मानचे उपचार थांबवले होते. महाराष्ट्रातही हॉस्पिटलांच्या संघटना थकीत रकमेबद्दल बोलत आल्या आहेत. अशा वेळी मोठं हॉस्पिटल तग धरतं. छोटं हॉस्पिटल आधी "योजनेची खाट शिल्लक नाही" म्हणू लागतं, मग हळूच योजनेतून बाहेर पडतं. मग घोडेगावच्या रुग्णाला तीस-पस्तीस किलोमीटरवरचं नगर गाठावं लागतं. उपचार फुकट, पण गाडीभाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि बाहेरचं खाणं हे सगळं खिशातून.

मग एवढी तपासणी कशाला?

प्रश्न रास्त आहे. पण दुसरी बाजूही बघितली पाहिजे.

ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या कॅगच्या अहवालात एक गोष्ट समोर आली. आयुष्मान भारतच्या डेटाबेसमध्ये तब्बल ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबरवर नोंदवलेले होते. तो नंबर होता ९९९९९९९९९९. नोंदणी करणाऱ्यानं रकाना भरायचा म्हणून भरला. पात्रता मोबाइल नंबरवर ठरत नाही हे खरं, पण मग त्या माणसाच्या नावावर क्लेम झाला तर त्याला मेसेज जाणार कुठे? त्याच अहवालात आधीच मृत दाखवलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे सुमारे ६.९७ कोटी रुपयांचे क्लेम दिले गेल्याचंही नोंदवलं आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये अहमदाबादच्या एका खासगी हॉस्पिटलनं गावात शिबिर घेतलं, लोकांना बसमधून आणलं आणि अनेकांची अँजिओप्लास्टी केली. त्यातले दोघे दगावले. गरज नसताना क्लेमसाठी हे केल्याचा आरोप झाला, गुन्हे दाखल झाले.

म्हणजे तपासणी ढिली केली तर रुग्णाच्या जिवावर येतं. फार आवळली आणि उशीर केला तर प्रामाणिक छोटं हॉस्पिटल बुडतं. ही तारेवरची कसरत आहे आणि तिला सोपं उत्तर नाही. पण खोटा क्लेम पकडण्यासाठी प्रश्न विचारणं वेगळं आणि खरा ठरलेला क्लेम महिनोन्‌महिने अडकवून ठेवणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीनं फसवणूक काही थांबत नाही.

पैसा कुठे जातो आणि कुठे जात नाही

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही योजना पैसे देते ती दाखल रुग्णासाठी. ताप, खोकला, बीपीची गोळी, शुगरची तपासणी यांचा क्लेम होत नाही. म्हणजे गावात ज्या डॉक्टरकडे आपण सगळ्यात जास्त वेळा जातो, त्याला या योजनेतून काहीच मिळत नाही.

दरांचा कलही बघा. केंद्रानं ऑक्टोबर २०२१ मध्ये पॅकेजचे दर सुधारले. साध्या वॉर्डच्या खाटेचा दर १७ टक्क्यांनी वाढला. व्हेंटिलेटर नसलेल्या आयसीयूचा १३६ टक्क्यांनी आणि व्हेंटिलेटरवाल्या आयसीयूचा १०० टक्क्यांनी. कोरोनानंतर आयसीयूचे दर वाढवणं गरजेचं होतं, यात वाद नाही. पण परिणाम काय झाला? ज्याच्याकडे आयसीयू आहे त्याचं गणित सुधारलं. फक्त साध्या खाटा असलेल्या हॉस्पिटलचं फारसं नाही.

मागास भागासाठी जादा दराची सोय आहे. केंद्राच्या मूळ पॅकेजमध्ये आकांक्षित जिल्ह्यांतल्या हॉस्पिटलांना १० टक्के जास्त ठेवले होते. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव. अहिल्यानगर त्यात नाही. एनएबीएच हे गुणवत्तेचं प्रमाणपत्र असेल तर १० ते १५ टक्के जास्त, पण ते मिळवण्यासाठीची कागदपत्रं आणि सुधारणा १५ खाटांच्या हॉस्पिटलला सहज परवडत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यात याची दोन टोकं दिसतात. एकीकडे लोणीचं प्रवरा रुग्णालय आणि शिर्डीतलं साईबाबा संस्थानचं रुग्णालय. मोठ्या शस्त्रक्रिया तिथे होतात आणि योजनेचा पैसा अशाच ठिकाणी स्वाभाविकपणे वाहतो. दुसरीकडे जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन आजार होण्याआधीच थांबवायचा, ही त्यांची पद्धत. १९७९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण न झालेल्या आजाराचं पॅकेज नसतं. एखाद्या बाईचं बीपी वेळेत सापडलं आणि तिला लकवा मारला नाही, तर त्याची फाइल कुठेच अपलोड होत नाही.

सरकारी बाजूला यासाठी आयुष्मान आरोग्य मंदिरं आहेत, पण ती क्लेमवर नाही, सरकारी अनुदानावर चालतात. सरकारी हॉस्पिटलांना मात्र क्लेमचे पैसे मिळतात. शंभराहून अधिक उपचार तर फक्त त्यांच्यासाठी राखीव आहेत. त्या पैशातून औषधं, यंत्रं घेता येतात आणि डॉक्टर-कर्मचाऱ्यांना ठराविक हिस्सा प्रोत्साहन म्हणून देता येतो. त्यामुळे तुमच्या भागातलं सरकारी हॉस्पिटल क्लेम व्यवस्थित भरतं का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे.

नवीन टेक्नॉलॉजीनं काय बदलेल?

राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणानं 'नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज' नावाची व्यवस्था उभी केली आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर क्लेमसाठीचं यूपीआय. आज प्रत्येक विमा कंपनीचं पोर्टल वेगळं, फॉर्म वेगळा. इथे सगळ्यांची भाषा एकच ठेवली आहे. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला क्लेम कुठल्याही कंपनीला थेट वाचता येतो. स्कॅन केलेल्या पीडीएफऐवजी नीट रकान्यांतली माहिती गेली, तर साध्या चुका आधीच पकडता येतात आणि क्वेरी कमी होतात.

डिजिटल नोंदी ठेवणाऱ्या हॉस्पिटलांसाठी १ जानेवारी २०२३ पासून प्रोत्साहन योजनाही सुरू झाली. रुग्णाच्या १४ आकडी आभा नंबरला जोडलेल्या नोंदींवर रक्कम देण्याची सोय त्यात ठेवली होती, कमाल ४ कोटींपर्यंत.

हे सगळं चांगलंच आहे. फक्त एक लक्षात ठेवा: सॉफ्टवेअर फाइल लवकर पोहोचवतं. पैसे सोडण्याचा निर्णय आणि तिजोरीतली तरतूद सॉफ्टवेअरच्या हातात नाही.

तुम्ही काय करू शकता?

• रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव, जन्मतारीख जुळते का, आजच बघा. "रामदास" आणि "रामदास भाऊ" एवढ्या फरकानंही फाइल अडते.

• कार्ड काढताना स्वतःचा चालू मोबाइल नंबर द्या. दुकानवाल्याचा किंवा मनाला येईल तो नको. तुमच्या नावावर क्लेम झाल्याचा मेसेज त्यावरच येतो.

• दाखल झाल्याबरोबर आरोग्यमित्राला भेटा. आधी पैसे भरून नंतर योजनेत घेऊ, असं करू नका.

• जुने रिपोर्ट, एक्स-रे सोबत ठेवा. पूर्वमंजुरी लवकर मिळते.

• डिस्चार्जच्या कागदांवर वाचून सही करा. कोऱ्या कागदावर सही नको, अंगठाही नको.

• योजनेतल्या उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ किंवा १८००२३३२२०० या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. आयुष्मान भारतसाठी १४५५५ आहे.

• "योजनेची खाट नाही" असं उत्तर वारंवार मिळत असेल, तर डॉक्टरशी भांडण्याआधी एक प्रश्न विचारा: "डॉक्टरसाहेब, तुमचे क्लेम किती महिन्यांचे थकलेत?" उत्तर मिळालं तर तो आकडा आमदारांपर्यंत न्या. रुग्ण आणि छोटं हॉस्पिटल इथे एकाच बाजूला उभे आहेत.

आबांचं ऑपरेशन फुकट झालं, हे खरंच आहे. पण पुढच्या वर्षी त्यांच्या शेजाऱ्याचंही त्याच गावात, त्याच हॉस्पिटलात व्हावं असं वाटत असेल, तर आबांच्या फाइलचे पैसे वेळेत आले पाहिजेत.

माहिती उपयोगी वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. योजनेबद्दल काही प्रश्न असतील तर विचारा, पुढच्या लेखात उत्तर देण्याचा प्रयत्न करू.